फुंकर

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली, हापूसच्या ऐंशी-नव्वद पेट्या लादलेली एक पिकअप आंबा घाटात वरच्या एका वळणावर उभी होती. एप्रिलमधली संध्याकाळ. मागच्या चाकांना दगडाच्या उट्या, बॉनेट वर, ड्रायव्हर कमरेपर्यंत आत. दाभोळ्याचा चढ तिनं धापा टाकत काढला होता, साखरप्यात चहाला थांबली तेव्हा न्यूट्रलवर अगदी शहाण्यासारखी चालत होती, आणि इथं येऊन दुसऱ्या गिअरवर तिनं मान टाकली. "काय न्हाई वो मामा, कचरा आलाय. फुंकली की जाती," असं विचारणाऱ्याकडे न बघताच सांगून त्यानं डिझेल फिल्टर काढला. उलटा केला, आतलं गढूळ पाणी आणि डिझेल कठड्यापाशी ओतलं, कठड्याच्या दगडावर फिल्टर चार वेळा आपटला, मग मधल्या भोकाला तोंड लावून गाल फुगवून फुंकर मारली. सीटमागून कोल्ड्रिंकची जुनी बाटली काढली आणि तिच्यातलं डिझेल त्याच मधल्या भोकातून भरलं. फिल्टर परत आवळला, वरचा प्रायमर, म्हणजे डिझेल ओढून घेणारा छोटा हातपंप, तळव्यानं पंचवीस-तीस वेळा दाबला. तिसऱ्या सेल्फला गाडी चालू. उट्या काढून मागं टाकल्या, गेला. सगळा कारभार पंधरा मिनिटांचा.

गाडी चालू झाली, हेच खटकत राहिलं.

चालू झाली नसती तर विषय सोपा होता. चार लोकांनी मान हलवली असती, मलकापुरातून मिस्त्री आला असता. पण फुंकर लागू पडली, आणि लागू पडलेल्या गोष्टीला चूक म्हणणं फार अवघड असतं. फुंकरीवर आपला विश्वासही जुना आहे. डोळ्यात कुसळ गेलं की फुंकर, गुडघा सोलला की फुंकर, चूल धुमसायला लागली की फुंकणी. रॉकेलचा स्टोव्ह फरफरायला लागला की आधी पिन आणि मग बर्नरवर एक फुंकर, हे ज्यांच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी स्टोव्ह होता त्यांच्या हातांना अजून आठवत असेल. गाळणं म्हणजेसुद्धा आपल्याला फडकं आठवतं. घागरीच्या तोंडाला दुपदरी पंचाचं फडकं, पाणी गाळून झालं की ते उलटं करून झटकायचं, पिळायचं, दोरीवर टाकायचं. फडक्याला मरण नसतं, ते विरत जातं. जुन्या ट्रक-टेम्पोंना डिझेलचे जोडफिल्टर असायचे, दोन डबे शेजारी-शेजारी. पहिल्यात कापडी गाळणी, दुसऱ्यात कागदी. कापडी गाळणी डिझेलमध्ये खळखळून धुवायची, हवा मारायची आणि परत बसवायची, ही रीतच होती. आंबा घाटातल्या त्या ड्रायव्हरचं वय पस्तिशीच्या आत-बाहेर होतं, म्हणजे त्यानं ती रीत कुठल्या तरी वस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून शिकलेली असणार. त्याला अडाणी म्हणणं बरोबर होणार नाही. विद्या खरी होती, ज्या इंजिनासाठी होती ते इंजिन मात्र बदललं.

किती बदललं, ते आकड्यांतच सांगायला हवं. जुन्या इंजिनात नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा सोडणारं इंजेक्टरचं टोक, उघडायचं ते साधारण दोनशे-अडीचशे बारच्या दाबाला. आजच्या कॉमन रेल पिकअपमध्ये पंप डिझेल एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवतो आणि इंजेक्टर तिथूनच ते घेतात; त्या रेलमधला दाब सोळाशे बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याच्याही पुढे जातो. चाकातल्या हवेचा दाब चार-पाच बार असतो, त्यावरून अंदाज करावा. नोझलची भोकं मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. इंजेक्टरच्या आत सरकणाऱ्या भागांमधली फट एक ते तीन मायक्रॉन, आणि डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. मुख्य फवाऱ्याच्या आधी हे इंजिन एक चिमुकला फवारा सोडतं, जाळ एकदम भडकून ठोका बसू नये म्हणून, आणि त्यात डिझेल असतं एक-दोन घन मिलिमीटर. म्हणजे जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढं. असलं काम करणारे नोझल आणि इंजेक्टर नाशिकच्या सातपुरातही बनतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये मायकोचं बॉश झालं, पण जुने मिस्त्री अजून "मायकोचा पंप" म्हणतात, जसं काहींच्या तोंडी अजून व्ही.टी. स्टेशन आहे. दहा मायक्रॉनचा कण, जो डोळ्याला दिसत नाही आणि बोटांना लागत नाही, तो या फटीत धोंड्यासारखा अडकतो. जुना पंप असा कण चिरडून पुढं ढकलायचा आणि वर्षभरानं थोडा काळा धूर सोडून कुरकुर करायचा. नवा पंप तेवढं सोसत नाही.

आता ते मधलं भोक.

डब्याचा फिल्टर हातात घेऊन उलटा धरला की खालच्या पत्र्यावर मधोमध एक मोठं, आट्यांचं भोक दिसतं आणि त्याच्याभोवती छोट्या छोट्या भोकांचं कडं. बहुतेक सगळ्या डब्यांत डिझेल आत येतं ते कडेच्या छोट्या भोकांतून. घड्यांच्या कागदाबाहेर ते पसरतं, बाहेरून आत झिरपतं आणि गाळून झाल्यावर मधल्या भोकातून वर चढून पंपाकडे जातं. म्हणजे बाहेरची बाजू अंगण आणि मधलं भोक म्हणजे देवघर. अंगणात कोणी चपला घालून आलं तरी चालतं. त्या ड्रायव्हरनं बाटलीतलं डिझेल थेट देवघरात ओतलं. सीटमागं महिनोन्महिने लवंडलेली बाटली, तिच्या झाकणाच्या आट्यांत रत्नागिरीचा लाल फुफाटा, जांभ्याची माती. त्यातला प्रत्येक कण आता गाळणीच्या पलीकडे होता आणि त्याच्यापुढे फक्त पंप आणि चार इंजेक्टर. फुंकरीबरोबर थुंकीची वाफ गेली ती वेगळीच. आपटल्यामुळे काय झालं? घडीच्या बाहेर चिकटलेला थोडा गाळ सुटला असेल, पण राळेत बुडवून कडक केलेला तो कागद आपटण्यासाठी केलेला नसतो. घडीच्या टोकाला, डिंक लावलेल्या कडेशी, केसाएवढी चीर पडली की पुढचं सगळं डिझेल तीच वाट धरतं. गाळणीला पडलेलं भोक कितीही लहान असलं तरी प्रवाहाला ते बरोबर सापडतं.

मग गाडी चालली कशामुळे? ओतून दिलेल्या पाण्यामुळे. फुंकर मारली नसती, आपटलं नसतं, नुसतं तळाचा स्क्रू दोन आटे सैल करून पाणी सोडलं असतं तरी ती चालली असती. ओला कागद डिझेलला वाट देत नाही. पाणी निघालं, थोडा चिकट गाळ निघाला, रस्ता मोकळा झाला. श्रेय फुंकरीला गेलं.

यातली एक गंमत अशी की कोंडलेला फिल्टर रिकाम्या गाडीत सापडतच नाही. अडीच लिटरच्या आसपासचं इंजिन नुसतं उभ्या गाडीत फिरत असेल तर त्याला तासाला एक लिटर डिझेलही लागत नाही. तेच इंजिन दीड टन माल घेऊन घाट चढत असेल तर तासाला दहा-बारा लिटर मागतं. तीन-चतुर्थांश बुजलेल्या कागदातून एक लिटर मजेत झिरपतं, दहा लिटर झिरपत नाही. म्हणून साखरप्याच्या टपरीसमोर गाडी शहाण्यासारखी चालते आणि घाटात दम तोडते. पाय पूर्ण दाबला तरी पुढं ओढत नाही, पाय थोडा सैल केला की उलट जराशी बरी चालते, काळा धूर नसतो, आणि बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा पाव किलोमीटर निघते. ही चार लक्षणं एकत्र दिसली तर क्लच-टर्बोच्या नादाला लागण्याआधी फिल्टर बघावा. टर्बोचा पाइप सुटला असेल तर बहुधा काळा धूर आणि फुस्स आवाज असतो. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी जागेवर राहते, वर जळका वास येतो. फिल्टर कोंडला की आवाजच चढत नाही. गळा दाबल्यासारखा खोल जातो.

इंजिन ऑइलच्या फिल्टरला अशा वेळी पळवाट असते. तो पूर्ण बुजला तर आतली झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढं जातं, कारण बेअरिंग कोरडं पडण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं. डिझेलच्या फिल्टरला अशी झडप नसते. घाण पुढं सोडण्यापेक्षा गाडी बंद पडू दे, असा निर्णय तो बनवणाऱ्यानं आधीच घेऊन ठेवलेला असतो. घाटात बंद पडलेल्या पिकअपला आपण फिल्टर "गेला" म्हणतो, तेव्हा खरं तर त्यानं नेमून दिलेलं काम शेवटपर्यंत केलेलं असतं. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे नव्या कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा वापरलेला फिल्टर जास्त बारीक गाळतो. कागदावर साचलेला गाळाचा पातळ थर स्वतःच गाळणी होतो. म्हणून उगाच दर महिन्याला फिल्टर बदलणारे हौशी मालक इंजिनाचं भलं करतातच असं नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर पाळावेत. कोकणातली, खाणीवरची, किंवा कॅनमधून डिझेल भरणारी गाडी असेल तर थोडं आधी. त्याहून आधी नको, याचं कारण पुढं येतंच.

पाणी येतं कुठून, हा प्रश्न कोकणात विचारायचा नसतो. पण पेट्रोल पंपावरच्या डिझेलमध्येच पाणी घातलेलं असतं अशी सरसकट शिवी मात्र अन्यायाची आहे. मानकाप्रमाणे डिझेलमध्ये किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं, ते विरघळलेलं असतं आणि दिसत नाही. दिसतं ते बहुतेक वेळा टाकीतच जन्मलेलं असतं. संध्याकाळी अर्धी टाकी घेऊन गाडी अंगणात लावली, रात्री पत्रा गार झाला, टाकीतल्या दमट हवेला घाम फुटला आणि थेंब आतल्या भिंतीवरून खाली उतरले. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे थेंब तळाशी जाऊन बसतात आणि जुन्या पत्र्याच्या टाकीला तिथूनच गंज धरतो. म्हणून पावसाळ्यात टाकी रात्री भरलेली असावी, सकाळी भरू म्हणून ठेवू नये. महिनोन्महिने पाणी साचलं तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. काळपट, बुळबुळीत जेली, विहिरीच्या तळच्या शेवाळासारखी. असली टाकी उतरवून धुतल्याशिवाय सुटका नाही, फिल्टर कितीही बदला. वास सांगतो लगेच, डिझेलला आंबूस-कुजकट झाक येते.

पाणी सोडणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी केलं तर निम्मी दुखणी येत नाहीत. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी, म्हणजे पाणी खाली बसलेलं असतं. फिल्टरच्या तळाला प्लॅस्टिकचा स्क्रू असतो, बऱ्याच गाड्यांत त्यातच पाण्याचा सेन्सर आणि त्याची वायर. खाली पारदर्शक बाटली धरायची, स्क्रू हातानं दोन आटे सैल करायचा, पकडीनं नाही. धार येत नसेल तर वरचा प्रायमर चार वेळा दाबायचा. कपभर निघालं की बंद. बाटली दहा मिनिटं सपाट जागी ठेवली की रेघ दिसते, वर फिकट पिवळं डिझेल, खाली पाणी. पाणी स्वच्छ असेल तर हवेतलं. तपकिरी असेल तर टाकी गंजते आहे. रेघच नसेल आणि सगळं ताकासारखं दुधी दिसत असेल तर पाणी डिझेलमध्ये घुसळलं गेलं आहे, ते फिल्टरला वेगळं करता येत नाही, आणि मग टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. डॅशबोर्डवर पाण्याची बत्ती लागली म्हणून लोक वायर काढून ठेवतात, त्याबद्दल न बोललेलं बरं.

गाळणी फक्त आकार ओळखते, लायकी ओळखत नाही. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळायचे ते दिवस आठवतात? रॉकेल फिल्टरमधून राजरोस निघून जातं, त्याचे कण मोठे नसतातच. बिघडतो तो पंप, कारण कॉमन रेलच्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं आणि रॉकेल कोरडं. त्या भेसळीच्या धंद्याची किंमत या राज्यानं इंजिनांपलीकडेही मोजली आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळखोरांनी जिवंत जाळलं. फिल्टरवर लिहिताना हे नाव वगळून पुढं जाणं जमत नाही. आता रेशनचं रॉकेलच जवळपास संपलं. डिझेलमधलं गंधकही उतरत उतरत १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाख भागांत दहा भागांवर आलं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक तेलकटपणाही जातो, तो रिफायनरी वंगणाचं द्रव्य मिसळून परत देते. काही ड्रायव्हर मनाचं समाधान म्हणून अजून टाकीत टू-टी ऑइलची पुडी सोडतात. जुन्या पंपाला त्यानं काही बिघडत नसे. बीएस-सहा गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, त्या ऑइलची राख तिच्यात कायमची बसते.

तर बदलण्याचं काम. इंजिन गार, गाडी सपाटीवर, किल्ली काढलेली. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, रेलमधला दाब उतरतो. आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी गॅरेजमध्ये सगळ्यात कमी पाळली जाते. फिल्टरला हात लावायच्या आधी त्याच्या आजूबाजूचं सगळं धुवून घ्यायचं. ब्रश, थोडं डिझेल, मग हवा. पाइपांची टोकं, वरच्या हेडची (डबा ज्यावर चढतो त्या भागाची) कड, तळाच्या वाटीचा खोबणा, सगळं. वर्षभर फिल्टरनं जेवढी घाण अडवलेली असते त्याहून अधिक घाण पाच मिनिटांत आत जाऊ शकते ती याच वेळी, कारण आयुष्यात एरवी कधीही न उघडणारी देवघराची बाजू या पाच मिनिटांत उघडी असते. फिल्टर बदलणं हीच डिझेलच्या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मळकी घटना आहे. उगाच आधी बदलू नये म्हटलं ते यासाठी. झाडलोट चाललेल्या, बाजूला ग्राइंडर फिरणाऱ्या गॅरेजात हे काम करूच नये. हात पुसायला बनियनचा बोळा किंवा कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सुटतात.

सेन्सरची वायर आधी काढायची, खटका दाबून. ओढून नाही, जुनं प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडतं. खाली ट्रे. पाइपांना खटक्याची टोकं असतील तर दोन्ही कान दाबून सरळ बाहेर, बँजो बोल्ट (डिझेल आतून जाऊ देणारा पोकळ बोल्ट) असेल तर त्याचे तांब्याचे वॉशर मोजून बाजूला आणि बसवताना नवे. उघडी टोकं लगेच स्वच्छ टोपणानं किंवा नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधायची. डबा पट्ट्याच्या पान्यानं सोडवायचा. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची जी युक्ती ऑइल फिल्टरवर चालते ती इथं केली की पत्र्याचा कीस थेट हेडमध्ये. डबा उतरला की पहिलं काम म्हणजे हेडला बोट लावून जुनं रबर खाली आलं का बघणं. ते बऱ्याचदा वरच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर नव्या रबरासह चढला की दोन रबरं एकावर एक बसतात, आणि गाडी गॅरेजातून छान निघून हायवेला हवा घेते. सेन्सर जुन्या वाटीतून नव्यात घालताना त्याचंही बारीक रबर बदलायचं आणि पहिले दोन-तीन आटे बोटांनीच बसवायचे, तिरका चढला तर वाटी फुकट.

नव्या रबराला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवायचं, ग्रीस नाही. मग डबा कोरडाच चढवायचा. कोरडा म्हटलं की जुनी माणसं दचकतात, कारण भरून चढवला की गाडी लवकर चालू होते हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. भरायचाच असेल तर कडेच्या छोट्या भोकांतून, मधल्या भोकाला टोपण लावून, आणि सीलबंद कॅनमधल्या डिझेलनं. रबर टेकलं की तिथून हातानं पाऊण फेरा. पान्यानं आवळू नये, पुढच्या वेळी काढणाऱ्याचे शाप लागतात. त्यानंतर वरचा प्रायमर. पहिले वीस दाब पोकळ लागतात, पोळीच्या हवेवर बोट टेकवल्यासारखे. मग हाताला विरोध जाणवतो, आणि चाळीस-साठ दाबांच्या दरम्यान तो दगडासारखा घट्ट होतो. हवा काढायचा स्क्रू असेल तर अर्धा फेरा सैल करून बुडबुडे संपेपर्यंत दाबत राहायचं आणि फेस जाऊन सलग धार आली की दाबलेल्या अवस्थेतच आवळायचा. टाकीत विजेचा पंप असेल तर किल्ली चालू-बंद चार वेळा, प्रत्येक वेळी त्याची गुणगुण थांबेपर्यंत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. ही काळजी बॅटरीपुरती नाही, कोरडा फिरणारा पंप वंगणाविना स्वतःलाच खातो.

आणि इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढायची जुनी सवय कॉमन रेलवर बिलकूल नको. त्या दाबाची सुईएवढी धार कातडीतून सरळ आत शिरते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर हळद लावून बसू नये, त्याच तासाला हॉस्पिटल गाठावं, बोट किंवा हात जाण्यापर्यंत पाळी येते.

गाडी चालू झाल्यावर पाच मिनिटं फिरू द्यायची आणि बॅटरीच्या उजेडात सगळे सांधे बघायचे. ओलं दिसलं तर गळती कळते. पण ज्या गाड्यांत टाकीत पंप नाही तिथं फिल्टरपर्यंतचा पाइप शोषणारा असतो. तिथला सैल सांधा डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. बाहेरून सगळं खडखडीत कोरडं आणि सकाळी मात्र दहा सेल्फ. ही तक्रार आली की फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घालून बघतात. बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली की चोर टाकीच्या बाजूला आहे. थंडीचं दुखणं वेगळं. निफाडला पारा पाचाखाली जातो अशा एखाद्या पहाटे डिझेलमधलं मेण कागदावर धरतं आणि नवा फिल्टरही कोंडल्यासारखा वागतो. हिवाळी डिझेलला ६ अंशांपर्यंत गाळणीतून जाण्याची अट आहे, उन्हाळी डिझेलला फक्त १८ अंशांपर्यंत. कोवळं ऊन आलं की गाडी सुरू होते आणि मिस्त्री फिल्टर विकून बसलेला असतो.

काढलेला जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघण्यासारखा असतो. पत्रा करवतीनं कापायचा, घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसरायच्या. अकॉर्डियनसारखा हातभर उलगडत जाणारा कागद आणि त्यावर गाडीच्या गेल्या वीस हजार किलोमीटरची रोजनिशी. लाल झाक म्हणजे जांभा, टाकीचं झाकण नीट बसत नाही. करडी, सिमेंटसारखी असेल तर क्रशरवरचं भाडं. काळी बुळबुळ म्हणजे बुरशी. आणि उन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसली तर तिथंच थांबायचं. फिल्टर पंपाच्या आधी असतो. मग पंपाच्या पोलादाची चमक त्यात आली कुठून? पंप झिजला, त्याचा भुगा परतीच्या पाइपनं टाकीत गेला आणि टाकीतून फिरून फिल्टरला येऊन लागला. म्हणजे तोच भुगा दुसऱ्या वाटेनं रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्येही गेलेला असणार. तिथं नवा फिल्टर घालून काही होत नाही. पंप, इंजेक्टर, रेल, टाकी सगळं पंप-नोझलच्या लॅबला दाखवायचं. फिल्टर शेकड्यांत येतो, हा हिशेब हजारांतून लाखाकडे सरकतो. स्वस्तातला डुप्लिकेट डबा कापला की घड्या मोजूनच फरक कळतो, अस्सलात दाट आणि सारख्या, नकलीत विरळ आणि एका बाजूला झुकलेल्या, टोकाला डिंकाचे ओघळ.

त्या संध्याकाळी घाटात कठड्यापाशी ओतलेलं पाणी मातीत जिरलं होतं आणि त्याच्याभोवती डिझेलचं गडद कडं उरलं होतं. पिकअप पुढं आंबा गावाला पोचली असेल. तिथून मलकापूर, मग कोल्हापूरपर्यंत रस्ता घाटासारखा चढत नाही, इंजिन तासाला सहा-सात लिटरांच्या पलीकडे काही मागणार नाही, आणि पाणी निघालेला फिल्टर तेवढं देईल. पहाटे मार्केट यार्डात पेट्या उतरल्या असतील. परतीला गाडी रिकामी आणि घाट उताराचा, तिथं तर पायही दाबावा लागत नाही. रत्नागिरीत पोचेपर्यंत एकदाही ती अडखळली नसेल. पुढच्या खेपेच्या पेट्या लादताना कोणी विचारलंच, तर तो सांगेल की कचरा आला होता, फुंकली आणि गेली. बाटली पुन्हा भरून सीटमागं ठेवली असेल.